बाटली एकच, मग भांडतो एकटाच का?

प्रश्न : मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, होस्टेलवर राहतो. परीक्षा संपली की चौघे मित्र ‘बसतात’. तिघं हसतात, गाणी म्हणतात. चौथा एरवी गरीब गाय, पण दोन पेग झाले की कुणाच्या तरी अंगावर धावून जातो. दारू तर तीच. मग असं का?

उत्तर : मुलाने हे घरी सांगितलं, हेच आधी कौतुकाचं. क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली मांडलं, की दारूने नजर आखूड होते. पिणाऱ्याला समोरचं तेवढंच दिसतं. वॉर्डन, उद्याची बदनामी, जुनी मैत्री हे सगळं नजरेआड. समोर गाणं असेल तर तो गाण्यात रमतो, टोमणा असेल तर टोमण्यातच अडकतो.

पण टोमणे तर चौघेही खातात. फरक मागच्या आयुष्याचा असू शकतो. घरात मारहाण सोसलेलं पोर जिन्यावरच्या पावलांवरून बापाचा मूड ओळखायला शिकतं. मोठेपणीही त्याला चेष्टेत धोका दिसतो. एरवी ते स्वतःला सावरतं, प्यायल्यावर सावरणारंच कुणी उरत नाही. शिवाय अशी मुलं बरेचदा मजेपेक्षा झोपेसाठी पितात. फेलिटी आणि अँडा या अमेरिकी डॉक्टरांच्या १९९८च्या अभ्यासात बालपणी चार किंवा अधिक प्रकारचे आघात झालेल्यांमध्ये दारूचं व्यसन, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चौपट ते बारापट आढळला. सोसलेला प्रत्येक जण पितो, असं मात्र मुळीच नाही.

आता एक गंमत. १९७५ साली अमेरिकेत ॲलन लँग आणि सहकाऱ्यांनी काही विद्यार्थ्यांना नुसतं टॉनिक वॉटर ‘व्होडका आहे’ म्हणून पाजलं. आपण प्यायलोय असं मानणारे जास्त आक्रमक झाले, पेल्यात खरोखर काय होतं याने फारसा फरक पडला नाही. त्यामुळे ‘चढली होती म्हणून हात उठला’ ही सबब मला अर्धीच पटते.

त्या चौथ्याशी बोलायचंच, तर मुलाला सांगा, उतरल्यावर, सकाळी चहा पिताना बोल. ‘का पितोस?’ नको, ‘झोप लागते का रे?’ एवढंच विचार. मित्रापेक्षा परक्याशी बोलणं त्याला सोपं वाटलं, तर सरकारची ‘टेलिमानस’ हेल्पलाइन आहे : १४४१६. फोन मोफत, चोवीस तास, आणि मराठीतही बोलता येतं.