सईला टेक्सासला लिहिलेलं पत्र

सातारा

चि. सई,


तुझा लांबलचक मेल पोचला. करसवलती गेल्या, तुमच्या कंपनीचे दोन सोलर प्रकल्प कागदावरच राहिले आणि आता ही नोकरीच सोडावी असं तुझ्या मनात आलंय. तुझ्या आईचा मला फोन, ‘दादा, तिला जरा समजाव.’ समजावणं मला कधी जमलेलं नाही. सगळा जन्म टॉवर लाइन आणि सबस्टेशनात गेला, तेव्हा त्याच भाषेत बोलतो.

होतं ते भल्यासाठीच, असं मी म्हणणार नाही. 20 जानेवारी 2025 ला अमेरिकेने पॅरिस हवामान करारातून दुसऱ्यांदा बाहेर पडण्याचा आदेश निघाला आणि 4 जुलैच्या कायद्याने 2022 मध्ये मिळालेल्या सवलतींना कात्री लागली. तुझ्या धंद्याला हा खरा फटका आहे. हवेत गेलेला कार्बन शेकडो वर्षं तिथेच राहतो, त्यामुळे वाया गेलेली वर्षं भरून निघत नाहीत. तुला वाईट वाटतंय ते बरोबरच आहे.

फक्त हे पहिल्यांदाच घडतंय असं धरून चालू नकोस. 1997 मध्ये क्योटोच्या हवामान कराराची बोलणी व्हायच्या आधीच अमेरिकन सिनेटने 95 विरुद्ध 0 मतांनी अशा कराराला नकार कळवून ठेवला होता. 2009 मध्ये हवामानाचं विधेयक प्रतिनिधीगृहात 219 विरुद्ध 212 असं जेमतेम पार पडलं. सिनेटने ते मतदानालाही घेतलं नाही. ओबामांनी 2015 मध्ये वीजकेंद्रांसाठी नियम आणले, त्यांना फेब्रुवारी 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाची स्थगिती आली आणि ते कधीच लागू झाले नाहीत. आता गंमत बघ. त्या नियमांनी वीजक्षेत्राचं उत्सर्जन 2030 पर्यंत 2005 च्या तुलनेत 32 टक्के कमी करायला सांगितलं होतं. नियम नसताना तो आकडा 2019 मध्येच गाठला गेला. यात मोठा वाटा स्वस्त गॅसचा, आणि गॅसमधून मिथेन गळतो, म्हणून मी काही पेढे वाटत नाही. पण कोळशावरची बरीच केंद्रं बंद झाली, आणि कोळशाच्या बाजूने बोलणारा अध्यक्ष निवडून आला तरी बंद पडतच राहिली.

तू राहतेस त्या राज्याची गोष्ट तर मला फारच आवडते. 1999 मध्ये टेक्सासचे गव्हर्नर होते धाकटे बुश. वीजधंदा खुला करणाऱ्या कायद्यावर त्यांनी सही केली आणि त्यातच अपारंपरिक विजेचं 2000 मेगावॉटचं उद्दिष्ट होतं. हेच बुश 2001 मध्ये अध्यक्ष म्हणून क्योटोकडे पाठ फिरवतात! म्हणजे माणूस एकच, सही वेगळी. पुढे अडचण आली ती आम्हा पारेषणवाल्यांची नेहमीची. वारा पश्चिमेच्या माळरानावर, लोड डॅलस-ऑस्टिनकडे. लाइन नाही म्हणून पवनचक्की कुणी उभारत नाही, आणि पवनचक्की नाही म्हणून लाइन कुणी ओढत नाही. 2005 मध्ये तिथल्या विधिमंडळाने ठरवलं की आधी लाइन. सुमारे 3,600 मैल लाइन 2014 च्या सुरुवातीपर्यंत उभी राहिली. जवळपास 7 अब्ज डॉलर लागले आणि ते वीजबिलांतून वसूल झाले. त्या काळात गव्हर्नर होते रिक पेरी, ज्यांचा हवामानबदलावर विश्वासच नव्हता. एवढ्या सगळ्या कारभारात ‘हवामान’ या शब्दावाचून कुणाचं अडलं नाही. माळावरच्या शेतकऱ्याला जमिनीचं भाडं मिळालं, गावच्या शाळेला कर मिळाला.

आमच्या वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावरच्या बऱ्याच पवनचक्क्याही निसर्गप्रेमातून उभ्या राहिलेल्या नाहीत, पैसेवाल्यांनी कर वाचवायला उभारल्या. 2012 मध्ये घसाऱ्यावरची ती करसवलत सरकारने काढली, देशभर नवी कामं मंदावली. 2014 मध्ये ती परत दिली. मधल्या काळात उभ्या असलेल्या चक्क्या फिरतच होत्या, वाऱ्याला आयकर कळत नाही.

म्हणून माझा सल्ला असा, की आशा वॉशिंग्टनवर टांगून ठेवू नकोस. एकदा उभं राहिलं की सरकार बदलल्यावरही कुणी सहजी उपटून टाकत नाही, अशा कामात राहा. लाइनचं काम शीक. ग्रिडला जोडणीच्या रांगेत प्रकल्प का अडकतात ते शीक. हे काम रटाळ आहे, त्याला कुणी टाळ्या वाजवत नाही, म्हणूनच तिथे माणसं कमी पडतात. आणि दर तासाला बातम्या बघणं थांबव. त्याने ज्ञान वाढत नाही, पित्त वाढतं.

दुसरं जरा कडू आहे. तुझ्या मेलमध्ये ‘या लोकांना काही कळत नाही’ असं तीन ठिकाणी आहे. 2025 च्या अधिवेशनात सौर आणि पवनऊर्जेला वेसण घालणारी तीन विधेयकं टेक्सासच्या सिनेटने मंजूर केली होती, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तिन्ही प्रतिनिधीगृहात अडकून मेली. त्यांच्या विरोधात साक्षीला उभे राहिलेल्यांत उद्योगवाले होते, जमीनमालक होते. माझ्या जमिनीवर काय उभारायचं ते मी ठरवीन, असं म्हणणारी माणसं. त्यांतल्या कित्येकांचं मत तुझ्या उमेदवाराला पडलं नसेल. तरी त्या वेळी तुझं काम त्यांनी वाचवलं. त्यांच्याकडे जा, चहा-कॉफी घे, भाड्याचं बोल, पाण्याचं बोल. हवामानाचा विषय त्यांनी काढला तर तुझं खरं मत सांग, लपवू नकोस. फक्त सुरुवात तिथून करू नकोस.

तुमचं विधिमंडळ दोन वर्षांतून एकदाच, 140 दिवस भरतं. पुढचं नियमित अधिवेशन जानेवारी 2027 मध्ये. तशी विधेयकं पुन्हा येतील असं धरून चाल. तोवर तुमच्या प्रकल्पांना जमीन दिलेल्या दोन-चार शेतकऱ्यांना साक्षीसाठी तयार कर. बोलू दे त्यांनाच, तू आकडे घेऊन मागच्या बाकावर बस. राजीनाम्याचं काय ते त्यानंतर ठरव, आणि आईला रविवारी फोन कर.

तुझा,
मामा