सांध्यातली चूक



लिक्विड स्टेकिंगच्या प्रोटोकॉलमध्ये चूक शोधून बक्षीस मिळवायचे असेल, तर तिथे पैसा कसा फिरतो हे आधी समजून घ्यावे लागते. इथेरियमवर व्यवहारांची पडताळणी करणारा व्हॅलिडेटर चालवायला ३२ ईथर अडकवावे लागतात. एवढी रक्कम थोड्यांकडेच असते, आणि अडकलेली रक्कम दुसरीकडे वापरता येत नाही. १ डिसेंबर २०२० रोजी अशा ठेवी घेणारी बीकन चेन सुरू झाली तेव्हा तर ठेव काढून घेण्याची सोयच नव्हती. ती १२ एप्रिल २०२३ रोजी आली. लिडो, रॉकेट पूल यांसारखे प्रोटोकॉल अनेकांकडून थोडेथोडे ईथर गोळा करतात, नोड ऑपरेटरांमार्फत व्हॅलिडेटर चालवतात आणि ठेवीदाराच्या हाती बदल्यात एक टोकन देतात. लिडोच्या टोकनाचे नाव एसटीईथ. वखार महामंडळाच्या गोदामात सोयाबीन ठेवून मिळालेली पावती बँकेत तारण ठेवता येते आणि माल जागेवरच राहतो. हे टोकन तशीच पावती आहे. मात्र वखारीत कुलूप असते, रजिस्टर असते, साठा पाहणारा माणूस असतो. इथे ते सगळे काम स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट करते, आणि त्याचा कोड जगातल्या कोणालाही वाचता येतो. चोरालाही.

बक्षिसाची गरज यातूनच निर्माण होते. बहुतेक मोठे प्रोटोकॉल इम्युनिफायसारख्या मध्यस्थामार्फत बग बाउंटी जाहीर करतात. कोणते कॉन्ट्रॅक्ट कक्षेत आहेत, कोणत्या नुकसानीला कोणती श्रेणी आणि कोणत्या श्रेणीला किती रक्कम, हे तिथे लिहिलेले असते. लिडोची कमाल रक्कम २० लाख डॉलर आहे. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ आपल्या पुस्तकातली चूक दाखवणाऱ्याला २ डॉलर ५६ सेंटचा चेक देत आणि लोक तो जपून ठेवत. पुस्तकातल्या चुकीने कोणाची तिजोरी रिकामी होत नाही, इथे होते. म्हणून बक्षीस धोक्यातल्या रकमेच्या प्रमाणात मोजतात. २०२२ मध्ये ब्लॉकचेन जोडणाऱ्या वर्महोल या ब्रिजमधली चूक दाखवणाऱ्या, टोपणनावाने वावरणाऱ्या शोधकाला १ कोटी डॉलर मिळाले. असे आकडे नवशिक्याने वाचावेत आणि बाजूला ठेवावेत. त्यांच्यावर घरखर्चाचा हिशेब मांडू नये.

या क्षेत्रातली सर्वांत शिकण्यासारखी चूक ऑक्टोबर २०२१ मधली आहे. इथेरियमच्या ठेव-कॉन्ट्रॅक्टमध्ये व्हॅलिडेटरसाठी किमान १ ईथर कोणालाही भरता येतो. भरण्यासोबत इतर तपशिलांबरोबर व्हॅलिडेटरची सार्वजनिक किल्ली आणि पुढे पैसे कोणत्या पत्त्यावर परत जायचे त्याची नोंद जाते. नियम असा, की एका किल्लीसाठी पहिल्या वैध भरण्यात जो परतीचा पत्ता असेल तोच ग्राह्य. नंतरच्या भरण्यातला पत्ता पाहिलाही जात नाही. ती रक्कम आधीच्या खात्यात भर म्हणून पडते.

आता ऑपरेटरच्या मनात पाप आले असे धरावे. तो प्रोटोकॉलकडे आपली किल्ली नोंदवतो, सोबत प्रोटोकॉलचाच परतीचा पत्ता असलेली सही देतो, सगळे नियमानुसार. पण प्रोटोकॉल पैसे भरण्याच्या क्षणभर आधी तो त्याच किल्लीवर, स्वतःचा परतीचा पत्ता लावून, स्वतःचा १ ईथर भरतो. मागून येणारे ठेवीदारांचे ईथर त्याच्या खात्यात भर म्हणून जमा होतात. एका ईथरच्या बदल्यात इतरांचे तीसेक ईथर त्याचे होतात.

यात ठेव-कॉन्ट्रॅक्ट आपल्या जागी बरोबर होते. प्रोटोकॉलचा कोडही ओळीओळीने वाचला तर ठीकच दिसत होता. गोम होती ती दोन यंत्रणांच्या सांध्यात: पहिला पत्ता धरण्याचा नियम व्हॅलिडेटरांच्या कन्सेन्सस स्तरावर राहत होता आणि पैसे भरणारा कोड दुसऱ्या स्तरावर. या शक्यतेची चर्चा इथेरियमच्या संशोधकांत २०१९ मध्येच झाली होती. म्हणजे माहिती उघड्यावर पडून होती, ती उचलून आपल्या कोडला लावून पाहणारा कोणी नव्हता.

लावून पाहिली ती दिमित्री त्सुमाक यांनी. ते स्टेकवाइज या स्पर्धक प्रोटोकॉलचे संस्थापक. रॉकेट पूल तेव्हा मेननेटवर, म्हणजे खऱ्या पैशांच्या नेटवर्कवर, सुरू होण्याच्या बेतात होता आणि लिडोत लोकांचे पैसे प्रत्यक्ष गुंतलेले होते. स्पर्धकाच्या घराला फट दिसल्यावर बोंब न मारता त्सुमाक यांनी ती कळवली. दोन्ही प्रोटोकॉलनी त्यांना प्रत्येकी १ लाख डॉलर दिले. कोणाचाही पैसा गेला नाही. स्वतः तेच यंत्र बांधणाऱ्याला हा दोष दिसावा, यात नवल नाही. चार ऑडिट अहवाल वाचण्यापेक्षा एक छोटा स्टेकिंग पूल स्वतः लिहून पाहणे जास्त उपयोगी पडते.

दुरुस्त्याही अभ्यासाव्यात. लिडोने ठेवी भरण्यावर राखणदारांचा गट बसवला. ठेव-कॉन्ट्रॅक्टमधल्या सर्व नोंदींचा मिळून एक ठसा असतो. राखणदार त्या क्षणीच्या ठशावर सही करतात. मध्येच कोणी एक जरी ठेव घुसवली तरी ठसा बदलतो आणि लिडोचा व्यवहार आपोआप फसतो. रॉकेट पूलने वेगळी वाट धरली. आधी ऑपरेटरच्या बाजूची ठेव जाते, मग काही तास परतीचा पत्ता तपासला जातो, तो बरोबर ठरला तरच पूलचे पैसे पुढे सरकतात. लिडोचे ऑपरेटर निवडून घेतलेले होते. रॉकेट पूलमध्ये कोणीही ऑपरेटर होऊ शकतो. धोका तोच असला तरी औषध का बदलले याचे उत्तर या फरकात आहे.

हिशेबाची जागा हे दुसरे सुपीक रान. एसटीईथची शिल्लक, बाहेरची माहिती कॉन्ट्रॅक्टला पुरवणाऱ्या ऑरॅकलच्या अहवालानुसार बदलत राहते. आत प्रत्येकाचे शेअर मोजलेले असतात आणि शिल्लक भागाकाराने निघते. भागाकार आला की बाकी आली. पूल जवळजवळ रिकामा असताना पहिला ठेवीदार शेअरचा भाव फुगवू शकतो का, दंड बसून व्हॅलिडेटरची रक्कम घटली तर तोटा कोणावर पडतो, अहवाल येण्याच्या जरा आधी शिरून लगेच बाहेर पडणाऱ्याला फुकटचा नफा मिळतो का, असे प्रश्न विचारावेत. मात्र एसटीईथ पाठवताना एक-दोन वेईचा फरक पडतो, हे लिडोच्या स्वतःच्या दस्तऐवजात नोंदलेले आहे. वेई म्हणजे ईथरचा सर्वांत लहान अंश. तो फरक मोठा शोध म्हणून कळवणाऱ्याचे हसे होते, आणि पुढचा खरा रिपोर्टही संशयाने वाचला जातो. जून २०२२ मध्ये एसटीईथचा बाजारभाव ईथरच्या खाली घसरला होता. तोही बाजाराचा खेळ होता, कोडमधला दोष नव्हे.

काही नुकसान बाउंटीच्या कक्षेबाहेरच राहते. डिसेंबर २०२२ मध्ये अँकर या कंपनीच्या बीएनबी स्टेकिंग टोकनाच्या अफाट प्रती कोणीतरी छापल्या. तपासाअंती कंपनीने एका माजी कर्मचाऱ्याकडे बोट दाखवले. खासगी किल्ली फुटली होती. किल्ली चोरीला जाणे, माणसाला फसवून पासवर्ड काढणे हे बहुतेक नियमांत स्पष्ट वगळलेले असते. ते ‘करून दाखवण्याचा’ मोह धरू नये.

चूक सापडल्यावरचे वागणे शोधाइतकेच महत्त्वाचे. मेननेटवर प्रयोग करू नये, सार्वजनिक टेस्टनेटवरही नाही. तिथले व्यवहार सगळ्यांना दिसतात आणि नक्कल करणारे टपलेले असतात. सिद्धता स्वतःच्या संगणकावरच्या प्रतीवर चालवावी. रिपोर्टात आधी परिणाम लिहावा: कोणाचे, किती, कोणत्या अटीवर जाऊ शकते. मग चालणारा कोड. यंत्राकडून लिहून घेतलेले, न तपासलेले रिपोर्ट पाठवणे हा वाचणाऱ्याच्या वेळेचा अपमान आहे. सामान्यतः आधी कळवणाऱ्यालाच पैसे मिळतात, दुसरा कितीही हुशार असो. आधी पैसे द्या मग सांगतो, ही भाषा खंडणीची. ती एकदाही वापरू नये. बाउंटीच्या नियमांबाहेर जाऊन केलेला शिरकाव भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली येतो, आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बक्षीस टोकनांत मिळाले तर तारीख आणि रुपयांतला भाव लगेच टिपून ठेवावा. १ एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेच्या विक्रीच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि तोटा इतर उत्पन्नातून वजा करता येत नाही.

पहिला रिपोर्ट पाठवण्याआधी २०२१ मधला तो संभाव्य हल्ला खासगी नेटवर्कवर स्वतः उभा करून पाहावा. नुसत्या कॉन्ट्रॅक्टची प्रत घेऊन तो दिसणार नाही. कन्सेन्सस स्तरही सोबत चालवावा लागेल. त्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर सगळे फुकट आहे.

मामा