वस्तीतील रस्ते आणि वाहनांचा वेग : नगरपंचायतींनी करावयाचा विचार

तालुक्याचे गाव हे आजूबाजूच्या शेकडो वाड्या-वस्त्यांचे केंद्र असते. कचेरी, दवाखाना, शाळा-महाविद्यालये, बाजार आणि एस. टी. चे स्थानक एकाच ठिकाणी असल्यामुळे गावातील मुख्य रस्त्यावर रोज हजारो माणसांची ये-जा चालते. गाव वाढते, वाहने वाढतात, परंतु रस्त्याची रुंदी मात्र फारशी वाढत नाही. अशा वेळी एखादा अपघात झाला की नागरिक गतिरोधकाची मागणी घेऊन नगरपंचायतीकडे येतात आणि हा विषय सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर येतो. मागणी रास्त असते. पण तिचे उत्तर केवळ ‘गतिरोधक बसवावा’ एवढ्याच ठरावाने मिळत नाही. कोणता रस्ता कशासाठी आहे हे आधी ठरवावे लागते, आणि वेग आवरण्याचा उपाय त्यानंतर निवडावा लागतो. प्रस्तुत लेखात अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले शहर डोळ्यांपुढे ठेवून या प्रश्नाचा विचार केला आहे.

एक रस्ता, अनेक कामे

प्रवरेच्या काठी वसलेल्या अकोले शहरातून कोल्हार-घोटी राज्यमार्ग जातो. संगमनेरकडून येणारा हा रस्ता शहर ओलांडून राजूर आणि बारीच्या बाजूने घोटीकडे निघतो. भंडारदरा, रतनवाडी आणि कळसूबाईकडे जाणारे पुणे व संगमनेरच्या बाजूचे प्रवासी याच वाटेने जातात. पावसाळ्यात व सुटीच्या दिवशी ही गर्दी विशेष असते. साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या बैलगाड्या, ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या आणि मालमोटारी रस्त्यावर येतात. महाशिवरात्रीला अगस्ती ऋषींच्या स्थानी यात्रा भरते. त्यातच एस. टी. च्या गाड्या, दुधाच्या गाड्या, रिक्षा, दुचाकी आणि बाजाराला आलेली माणसे असतात.

म्हणजेच लांबच्या प्रवासाचा मार्ग, बाजारपेठ आणि शाळेची वाट अशी तीन कामे एकच रस्ता करतो. लांबच्या प्रवाशाला वेग हवा असतो, बाजाराला थांबण्यास जागा हवी असते आणि शाळेतील मुलाला निर्धोकपणे पलीकडे जाता यावे लागते. या तीन गरजा परस्परविरोधी आहेत. नगरपंचायतीच्या सभेतील वाद बहुधा येथूनच निर्माण होतो.

सभेत मांडल्या जाणाऱ्या बाजू

अशा चर्चेत साधारणपणे चार प्रकारची मते पुढे येतात. शाळेजवळील वा वसाहतीतील रहिवासी गतिरोधक मागतात. व्यापाऱ्यांना दुकानापुढील वाहने उभी करण्याची जागा जाईल अशी धास्ती वाटते. वाहनचालक, विशेषतः रुग्णवाहिका व एस. टी. चे चालक, जागोजागीच्या उंचवट्यांना विरोध करतात. चौथे मत असे की, बाह्यवळण रस्ता झाला की सर्व प्रश्न सुटतील, तोवर काही करू नये.

यांपैकी कोणतेही मत निराधार नाही. परंतु प्रत्येक मत प्रश्नाच्या एकाच अंगाकडे पाहते. बाह्यवळणाने लांबची वाहतूक गावाबाहेर जाते हे खरे. तथापि जुना रस्ता मोकळा झाल्यावर त्यावरील स्थानिक वाहनांचा वेग वाढू शकतो. शिवाय नव्या रस्त्यालगत दुकाने व घरे होऊ दिली, तर काही वर्षांत तोही बाजाररस्ता बनतो. म्हणून बाह्यवळणाची मागणी आणि गावातील रस्त्यांची शिस्त ही दोन्ही कामे बरोबरीने चालली पाहिजेत.

वेगाचे साधे गणित

वेग थोडा वाढला तर काय बिघडते, असे पुष्कळांना वाटते. भारतीय रस्ते महासभेच्या, म्हणजेच इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत वाहन थांबविण्यास लागणारे अंतर दिलेले आहे. ताशी ३० किलोमीटर वेगाला ते ३० मीटर, ४० किलोमीटरला ४५ मीटर आणि ५० किलोमीटरला ६० मीटर धरले जाते. वेग ३० वरून ५० झाला म्हणजे तो दुपटीपेक्षा कमीच वाढतो, पण थांबण्याचे अंतर मात्र दुप्पट होते.

याचे कारण असे की, धोका दिसल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत काही काळ जातो. या मानकांत तो अडीच सेकंद गृहीत धरला आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन तेवढ्या वेळात सुमारे ३५ मीटर पुढे गेलेले असते. समजा, ४० मीटर अंतरावर एखादे मूल रस्त्यात आले. वेग ३० असेल, तर वाहन मुलापासून १० मीटर अलीकडे थांबेल. वेग ५० असेल, तर ब्रेक लागल्यावर जेमतेम ५ मीटर उरतात आणि वाहन सुमारे ताशी ४५ किलोमीटर वेगाने मुलावर आदळते. शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात फळ्यावर सोडवून दाखविण्यासारखे आहे.

आता वेळेचा हिशेब पाहू. शाळा व बाजाराजवळचा अर्धा किलोमीटर रस्ता ताशी ५० च्या वेगाने ओलांडण्यास ३६ सेकंद लागतात, ३० च्या वेगाने ६० सेकंद. फरक केवळ २४ सेकंदांचा आहे. एका बाजूला २४ सेकंद आणि दुसऱ्या बाजूला एक जीव, असा हा सौदा आहे.

देशात २०२२ या वर्षी रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांत दुचाकीवरील व्यक्तींचे प्रमाण ४४.५ टक्के आणि पादचाऱ्यांचे १९.५ टक्के होते. मोटारीच्या आत बसलेल्यांपेक्षा उघड्यावर असलेल्यांनाच ही झळ अधिक बसते. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम येथील जागतिक परिषदेने पादचारी व वाहने एकत्र येतात तेथे ताशी ३० किलोमीटरची कमाल मर्यादा असावी, असे आवाहन केले ते याच कारणाने.

रस्त्यांची वर्गवारी

नेदरलँड्समधील डेल्फ्ट शहरात १९६० च्या दशकाच्या अखेरीस काही निवासी गल्ल्यांची रचना बदलून वाहनांना माणसाच्या चालीने जावयास लावण्यात आले. १९७६ मध्ये त्या देशाने अशा गल्ल्यांना कायद्याने मान्यता दिली. हा विचार आपल्याला अगदीच परका नाही. जुन्या गावाला वेस असे आणि तिच्यातून आत येताना गाडी आपोआप सावकाश होई. रस्त्याचे रूपच चालकाला सांगत असे की, येथून पुढे माणसांची वस्ती आहे.

या तत्त्वानुसार शहरातील रस्त्यांचे तीन वर्ग करावेत. पहिला वर्ग शहरातून आरपार जाणाऱ्या रस्त्याचा. येथे वाहतूक वाहती राहिली पाहिजे. म्हणून उंचवट्यांपेक्षा शहराच्या प्रवेशाशी ठळक फलक, रंबल पट्ट्या, दुभाजक, मोजक्या जागी पादचारी पट्टे आणि सलग पदपथ यांवर भर द्यावा. दुसरा वर्ग बाजार व वसाहतींना मुख्य रस्त्याशी जोडणाऱ्या रस्त्यांचा. येथे मालाच्या चढउतारीच्या वेळा, एकेरी वाहतूक व वाहनतळ यांचा विचार करावा. तिसरा वर्ग निवासी गल्ल्या आणि शाळा-दवाखान्यालगतच्या रस्त्यांचा. येथे पायी चालणाऱ्याचा हक्क पहिला मानावा आणि वेग आवरण्याचे उपाय मुख्यतः येथेच योजावेत.

गतिरोधक केव्हा आणि कसा

गतिरोधकाविषयीची मार्गदर्शक तत्त्वे रस्ते महासभेने १९८८ मध्ये प्रसिद्ध केली आणि २०१८ मध्ये ती सुधारून विस्तृत केली. त्यांचा मूळ रोख असा की, गतिरोधक हा प्रामुख्याने दुय्यम रस्त्यांवरील उपाय आहे. दुय्यम रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो तेथे, निवासी गल्ल्यांत आणि शाळा, महाविद्यालये व रुग्णालये यांच्या परिसरात तो समर्थनीय ठरतो.

त्याचे मापही ठरलेले आहे. गोलाकार गतिरोधकाची रुंदी ३.७ मीटर आणि मध्यभागी उंची १० सेंटिमीटर असावी. यावरून वाहन सुमारे ताशी २५ किलोमीटर वेगाने विनाधक्का जाते. बस व मालमोटारी अधिक असतील तेथे दोन्ही कडांना दीड मीटरचा उतार जोडता येतो. गतिरोधकावर काळे-पांढरे पट्टे असावेत आणि सुमारे ४० मीटर आधी सूचनाफलक असावा. दुय्यम रस्ता मुख्य रस्त्याला मिळतो तेथे तो मुख्य रस्त्याच्या कडेपासून साधारण ५ मीटर आत असावा.

गल्लीबोळांत रातोरात घातलेले सिमेंटचे अरुंद, उभट उंचवटे या मापात बसत नाहीत. त्यांनी वेग कमी होण्याऐवजी धक्का बसतो, रात्री दुचाकीस्वार पडतात, दवाखान्यात नेल्या जाणाऱ्या रुग्णांना व गरोदर स्त्रियांना त्रास होतो आणि पावसाचे पाणी तुंबते. असे उंचवटे शोधून काढून टाकणे हेदेखील नगरपंचायतीचे कामच आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली समाविष्ट झालेल्या कलम १९८-अ नुसार रस्त्याच्या रचनेत व देखभालीत ठरलेली मानके न पाळल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आल्यास जबाबदार यंत्रणेस एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे सदस्यांनी ध्यानी घ्यावे.

अधिकार कोणाचा

रस्ता गावातून गेला म्हणून तो नगरपंचायतीचा होत नाही. राज्यमार्गाची देखभाल सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असते. त्यावर नगरपंचायतीला स्वतः उंचवटा घालता येत नाही. विभागाकडे सकारण प्रस्ताव पाठवावा लागतो. अंतर्गत रस्त्यांची बांधणी, देखभाल, दिवाबत्ती आणि त्यांवरील अडथळे दूर करणे ही मात्र महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ अन्वये तिची आवश्यक कर्तव्ये आहेत.

वेगमर्यादेचा अधिकार निराळा आहे. केंद्र शासनाने एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेने नगरपालिका हद्दीतील रस्त्यांवर मोटारींसाठी ताशी ७० आणि दुचाकींसाठी ६० किलोमीटर ही कमाल मर्यादा ठरविली. शाळेपुढील रस्त्याला हा आकडा मुळीच योग्य नाही. सुदैवाने मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११२ प्रमाणे राज्य शासन किंवा शासनाने अधिकार दिलेला प्राधिकारी सार्वजनिक सुरक्षिततेसाठी विशिष्ट रस्त्यावर कमी मर्यादा अधिसूचित करू शकतो. कलम ११७ प्रमाणे वाहने उभी करण्याच्या जागा स्थानिक संस्थेच्या विचाराने ठरवावयाच्या असतात. त्याच कायद्याच्या कलम २१५ मध्ये जिल्हा रस्ता सुरक्षा समितीची तरतूद आहे. नगरपंचायतीचा प्रस्ताव या समितीपुढे गेल्यास पोलीस, परिवहन आणि बांधकाम ही खाती एकत्र विचार करू शकतात.

रस्त्याकडेच्या विक्रेत्यांविषयी पथविक्रेता अधिनियम, २०१४ लागू आहे. पाहणी पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत विक्रेत्यांना हटविता येत नाही, आणि नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांतून निवडलेले असावे लागतात. पदपथ मोकळा करण्याचा ठराव भाजीविक्रेतीला पर्यायी जागा दिल्यावाचून टिकणार नाही.

पाहणी हाच पाया

मतमतांतरे मिटविण्याचा चांगला मार्ग म्हणजे पाहणी. तिच्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. रस्त्यावर ५० मीटर अंतराने चुन्याच्या दोन रेघा आखाव्यात आणि घड्याळाने वेळ मोजावी. वाहनाने ते अंतर ६ सेकंदांत ओलांडले तर वेग ताशी ३० किलोमीटर, ३.६ सेकंदांत ओलांडले तर ५०. अशा शंभर वाहनांच्या नोंदी वेगाच्या चढत्या क्रमाने लावून पंच्याऐंशीवी नोंद पाहावी. त्या रस्त्यावरील वेगाचा अंदाज त्यावरून येतो. शाळा भरताना व सुटताना, बाजाराच्या दिवशी आणि गळीत हंगामात अशा वेगवेगळ्या वेळी ही पाहणी व्हावी. माध्यमिक शाळांतील विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली, रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी उभे राहून हे काम करू शकतील. पोलीस ठाण्यातील मागील तीन वर्षांच्या अपघातांच्या नोंदी शहराच्या नकाशावर मांडल्या, म्हणजे कोणत्या जागी आधी काम करावे हे सभेला उघड दिसेल.

उपाय योजल्यानंतर सहा महिन्यांनी तीच पाहणी पुन्हा करावी. आधी रंग, फलक आणि हलविता येणाऱ्या अडथळ्यांनी प्रयोग करून पाहिला, तर चूक झाल्यास ती थोड्या खर्चात दुरुस्त होते.

विकास योजना आणि ठराव

आजची दुरुस्ती उद्याच्या नियोजनाशी जोडली नाही तर प्रश्न पुन्हा उभा राहतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे होणाऱ्या विकास योजनेत रस्ते, वाहनतळ आणि बाजाराच्या जागा दाखविल्या जातात. प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर नागरिकांना हरकती व सूचना मांडता येतात. या संधीचा उपयोग बहुधा केवळ आपल्या जमिनीवरील आरक्षणापुरता केला जातो. शाळेची पायवाट कोठून जावी, नव्या वसाहतीतील रस्ते एकमेकांना जोडलेले असावेत की नाही, यांविषयीही सूचना आल्या पाहिजेत. ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नगररचना, रस्ते व पूल, वाहनतळ आणि बसथांबे हे विषय नागरी संस्थांकडे सोपविण्याची दिशा दाखविली आहे. तिचा अर्थ कृतीत उतरतो तो अशाच कामांतून.

सभेच्या ठरावात पाच गोष्टी स्पष्ट असाव्यात : रस्त्याचा वर्ग, पाहणीत आढळलेली वस्तुस्थिती, सुचविलेला उपाय व त्याचे माप, तो अमलात आणणारी यंत्रणा, आणि फेरपाहणीची तारीख. असा ठराव वरिष्ठ कार्यालयाकडे गेला तर त्याची दखल घेणे सोपे होते. मोघम मागणी मात्र फायलीत पडून राहते.

अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागातून एस. टी. ने येणारा आदिवासी बांधव गावात उतरतो तेव्हा तो पायीच चालणार असतो. त्याच्या हाती वाहन नाही आणि सभेत तो बोलावयास येत नाही. रस्त्याचा निर्णय घेताना त्याची, शाळेच्या मुलाची आणि काठी टेकीत चालणाऱ्या वृद्धाची सोय प्रथम पाहणे हे लोकप्रतिनिधींचे कर्तव्य आहे. त्यांना निर्भयपणे ओलांडता येईल असा रस्ता शहरातील इतर सर्वांनाही सुखाचाच होईल.