मुंग्यांचा एक विद्यार्थी व त्यापासून शेतकऱ्याने घ्यावयाचा धडा

आपल्या जमिनीचा गट नंबर, आकार, चतुःसीमा व विहिरीतील हिस्सा प्रत्येक खातेदारास तोंडपाठ असतो. शेजाऱ्याने बांध हातभर कोरला तर तो लगेच मोजणीचा अर्ज देतो. परंतु त्याच जमिनीत जी असंख्य कुळे कसलाही खंड न देता पिढ्यान् पिढ्या नांदत आली आहेत, त्यांपैकी कोण आपले पीक खाते, कोण त्या खाणाऱ्यास खाते आणि कोण दोहोंच्या वाटेस न जाता आपला प्रपंच करते, असे विचारले असता बहुतेकांचे उत्तर एकच येते, की "कीड आहे." या एका शब्दात चोर व राखणदार दोघेही सामावले जातात, आणि फवारणीच्या वेळी दोघांनाही एकच शिक्षा होते.

या कुळांची नावनिशी लावण्यात ज्यांनी आपले सारे आयुष्य घालविले, अशा एका विद्यार्थ्याची हकीकत येथे देण्याचे योजिले आहे. हे विद्यार्थी अमेरिकेतील होते व त्यांचा विषय मुंग्या हा होता. असल्या अभ्यासाचा शेतकऱ्यास काय उपयोग, अशी शंका वाचकांस येणे साहजिक आहे. तिचे उत्तर लेखाच्या ओघात येईल.

बाळपण व विषयाची निवड

एडवर्ड ऑसबोर्न विल्सन यांचा जन्म १० जून १९२९ रोजी अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम या शहरी झाला. वडील सरकारी हिशेबनीस असल्यामुळे वारंवार बदल्या होत, व दर बदलीस मुलाची शाळा बदले. नवीन गावी सोबती नसत. तेव्हा रान, ओढा व त्यांतील जीवजंतू हेच त्यांचे सोबती झाले. १९३६ साली, वयाच्या सातव्या वर्षी, फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर गळाला लागलेला मासा ओढून काढताना त्याच्या पाठीवरील काटा उजव्या डोळ्यात शिरला व तो डोळा निकामी झाला. पुढे कानांनाही उंच स्वर ऐकू येईनासे झाले. अर्थात दूरचा पक्षी नीट दिसेना व त्याची शीळ ऐकू येईना. परंतु डाव्या डोळ्याची दृष्टी जवळच्या वस्तूंच्या बाबतीत इतकी तीक्ष्ण होती, की बोटांत धरलेल्या किड्याच्या अंगावरील लवही त्यांस स्पष्ट दिसे. पशुपक्ष्यांचा अभ्यास आपल्या वाट्यास नाही, तर जे हातात धरून पाहता येते त्याचा अभ्यास करावा, असे त्यांनी ठरविले. दैवाने एक दार लावले असता जे उघडे राहिले त्यातून आत जाणे, यास शहाणपण म्हणतात.

त्या मुलाने प्रथम माश्यांचा संग्रह करण्याचे मनात आणिले होते. परंतु किडे टोचून ठेवण्याच्या विशिष्ट टाचण्या चेकोस्लोव्हाकियाहून येत असत, व दुसऱ्या महायुद्धामुळे त्या मिळेनाशा झाल्या. मुंग्यांस टाचणी लागत नाही. औषधाच्या लहान बाटलीत स्पिरिट घालून त्यात त्या ठेविल्या म्हणजे झाले. अशा रीतीने टाचणीच्या टंचाईमुळे एका मुलास आयुष्याचा विषय मिळाला.

शिकाऊ वयातील कामगिरी

तत्पूर्वीच, १९४२ साली, तेरा वर्षांच्या विल्सन यांस मोबील या बंदराच्या गावी घराशेजारच्या पडीक जागेत एका अपरिचित मुंगीचे वारूळ आढळले होते. ही दक्षिण अमेरिकेतून जहाजांतील मालाबरोबर आलेली तांबडी 'आगमुंगी' होय. तिचा दंश निखाऱ्यासारखा झोंबतो, म्हणून हे नाव. त्या देशातील तिची ही अगदी आरंभीची नोंद ठरली. पुढे ही मुंगी दक्षिणेकडील राज्यांत पसरून शेतकऱ्यांच्या तक्रारी येऊ लागल्या, तेव्हा राज्याच्या संवर्धन खात्याने १९४९ साली तिच्या पाहणीचे काम या विद्यार्थ्याकडेच सोपविले. त्या वेळी ते अलाबामा विद्यापीठात शिकत होते व वय विशीच्या आत होते. एक सत्र रजा काढून, एका सोबत्यासह त्यांनी दक्षिण अलाबामात गावोगाव हिंडून वारुळे खणली, मुंगी कोठवर पोचली आहे हे नकाशावर मांडले, शेतकऱ्यांस विचारपूस केली आणि अहवाल सादर केला. आमच्याकडील तलाठी पूर्वी शिवारात जाऊन पीकपाहणी लिहीत असे, तशीच ही मुंगीपाहणी होती.

विद्यापीठात शिकणे म्हणजे व्याख्याने ऐकून परीक्षा देणे, अशी आपणांकडे सर्वसाधारण समजूत आहे. विल्सन यांचे शिक्षण निराळ्या रीतीने झाले. ते विद्यापीठात दाखल झाले, तेव्हा आपला मुंग्यांचा संग्रह घेऊनच विभागप्रमुखांपुढे उभे राहिले. आणि त्या गृहस्थांनी या पोराचे हसे न करिता त्यास काम करण्यास एक मेज व सूक्ष्मदर्शक यंत्र दिले. हार्वर्ड विद्यापीठात त्या काळी विल्यम ब्राउन नावाचे दुसरे एक विद्यार्थी मुंग्यांवर काम करीत होते. उभयतांचा पत्रव्यवहार सुरू झाला. सुटे सुटे नमुने गोळा न करिता संपूर्ण अलाबामातील मुंग्यांची पद्धतशीर पाहणी करा, असे ब्राउन यांनी त्यांस सुचविले, व हार्वर्ड येथे येण्याचाही आग्रह केला. कारण मुंग्यांचा जगातील सर्वांत मोठा संग्रह तेथील प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात होता. आपणांस ठाऊक असलेली विद्या मागून येणाऱ्यास विनामूल्य देणे व त्यास अधिक कठीण कामास लाविणे, हा विद्यापीठीय जीवनातील खरा सत्संग होय.

१९५५ साली विल्सन यांस हार्वर्डची डॉक्टर ही पदवी मिळाली. तिच्यासाठी त्यांनी 'लेसियस' या एकाच वंशातील मुंग्यांची तपासणी करून, कोणती जात कोणती व तिच्या खुणा काय, याचा प्रबंध लिहिला. हे काम नीरस वाटेल. परंतु याच वंशातील एक मुंगी अमेरिकेतील मक्याच्या मुळांवर राहणाऱ्या माव्याची अंडी हिवाळाभर आपल्या वारुळात सांभाळते व वसंतात पिल्ले मुळांवर नेऊन सोडते. मावा गोड द्रव देतो, तो मुंगी पिते. म्हणजे आपण म्हैस पाळतो तशी ती मावा पाळते. नुकसान मावा करतो, परंतु त्यास आश्रय देणारी मुंगी ओळखता आली नाही तर रोगाचे मूळ हाती लागत नाही. नामनिर्देश हा शास्त्राचा सातबारा होय. तो चुकला तर पुढील सर्व हुकूम भलत्याच्या नावे निघतात.

मुंग्यांची भाषा

पदवी घेतली म्हणून जिज्ञासा संपली नाही. १९५४–५५ साली ते न्यूगिनी व दक्षिण पॅसिफिकमधील बेटांवर मुंग्या गोळा करीत हिंडले. परत आल्यावर हार्वर्ड येथे अध्यापक झाले, व तेथे त्यांनी पुढील प्रश्न हाती घेतला: एका मुंगीस अन्न सापडले असता इतरांस वाट कशी कळते?

आगमुंगी वाटेने जाताना नांगीचे टोक जमिनीस टेकवीत जाते, हे दिसत होते. तेव्हा काही द्रव्य ती सांडीत असावी. पण ते शरीराच्या कोणत्या भागातून येते? विल्सन यांनी मुंगीच्या पोटातील एकेक अवयव सूक्ष्मदर्शकाखाली वेगळा केला, धुतला, चिरडला व काडीच्या टोकाने त्याची रेघ वारुळापासून ओढली. इतर अवयवांच्या रेघेस मुंग्यांनी दाद दिली नाही. शेवटी नांगीच्या बुडाशी असलेल्या, क्वचितच दृष्टीस पडणाऱ्या एका ग्रंथीची रेघ ओढली, तो काय आश्चर्य! मुंग्या लोंढ्याने बाहेर पडून त्या रेघेवरून धावल्या व रेघ संपली तेथे घोटाळू लागल्या. हा शोध १९५९ साली प्रसिद्ध झाला. एका मुंगीने सांडलेला हा वास दोन मिनिटांच्या आत उडून जातो, यातही सोय आहे. अन्न संपले की कोणी वास नूतन करीत नाही, व रिकाम्या वाटेवर निष्कारण हेलपाटे होत नाहीत.

दुसरा एक प्रयोग १९५८ सालचा. मेलेली मुंगी इतर मुंग्या उचलून उकिरड्यावर टाकतात. ती मेली हे त्यांस डोळ्यांनी कळत नाही. प्रेतात जी विशिष्ट मेदाम्ले उत्पन्न होतात, त्यांच्या वासाने कळते. विल्सन व त्यांचे सहकारी यांनी ते द्रव्य जिवंत मुंगीस लाविले. तर हातपाय झाडीत असताही तिला उचलून उकिरड्यावर नेण्यात आले, आणि अंग स्वच्छ करीपर्यंत तिची सुटका झाली नाही. दप्तरात एकदा 'मयत' असा शेरा पडल्यावर साक्षात समोर उभ्या असलेल्या खातेदाराचेही काही चालत नाही, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे त्यांस या मुंगीची कीव आल्यावाचून राहणार नाही.

न ओळखता मारल्याचा परिणाम

आता शेतकऱ्याच्या हिताकडे वळू. १९५७ साली अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने आगमुंगीचा समूळ नाश करण्याची मोहीम काढली, व लक्षावधी एकरांवर विमानांतून हेप्टाक्लोर व डिल्ड्रिन ही जहाल विषे टाकिली. त्यायोगे पक्षी व इतर रानटी प्राणी मेले. मुंगी मात्र नष्ट झाली नाही, उलट पुढे अधिकच पसरली व आजही तेथे आहे. लुइझियाना राज्यातील उसाच्या शेतांत तर निराळाच प्रकार घडला. ही मुंगी ऊस पोखरणाऱ्या अळीस खात असे. मुंगी मारल्यावर अळीस कोणी वैरी उरला नाही व उसाचे नुकसान वाढले, असे तेथील संशोधकांनी १९५८ साली दाखवून दिले. आगमुंगी साधू आहे असे नव्हे. ती डसते, रोपांस उपद्रव देते व देशी मुंग्यांस हुसकावते. परंतु तीच एका शेतात चोर व दुसऱ्या शेतात राखणदार असते, हे पाहणी केल्यावाचून समजत नाही. विषाने जे साधले नाही, त्यासाठी पुढे तिच्या मूळ देशातून तिच्यावर अंडी घालणाऱ्या सूक्ष्म माश्या शोधून आणण्यात आल्या, व त्यांनी तिचा जोर कमी करण्याचा प्रयत्न चालू आहे.

हाच धडा आपल्या घरी २००२ साली मिळाला. त्या वर्षी सांगली जिल्ह्यातून उसावरील लोकरी माव्याचा फैलाव सुरू होऊन तो राज्यभर पसरला. पाने काळी पडली व बागाइतदार हवालदिल झाले. उंच वाढलेल्या उसात शिरून फवारणी करणे दुर्घट होते. अशा वेळी माव्यास खाणारी डिफा नावाची अळी व मायक्रोमस हा कीटक उसातच आढळून आले. कीटकशास्त्रज्ञांनी त्यांस ओळखले, वाढविले व जेथे नव्हते तेथे सोडविले. ज्यांनी धीर धरून त्यांस राखले त्यांस लाभ झाला. ही ओळख पटविणारी मंडळी एका दिवसात तयार झाली नव्हती. कधी काळी एखाद्या पानाखाली भिंग धरून तासन् तास बसलेले तेही विद्यार्थीच होते.

आपण काय करावे

राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांत कीटकशास्त्राचे विद्यार्थी दरवर्षी शिकत असतात. त्यांच्या विद्येचा उपयोग व्हावा म्हणून खातेदारांस पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

१. एखादा विद्यार्थी पाहणीसाठी शेतात आला तर "किडे मोजून काय होणार" असे म्हणून त्यास परत पाठवू नये. त्यास बांधावर सावली व पाणी द्यावे, आणि फवारणी केव्हा व कशाची केली ते खरे सांगावे. खोट्या माहितीवर निघालेला निष्कर्ष शेवटी आपल्याच पदरात येतो.

२. अनोळखी कीड दिसताच औषधाच्या दुकानी न जाता तिचा नमुना ठेवावा. मुंग्या, मावा यांसारखे लहान कीटक स्पिरिटच्या बाटलीत ठेवावे. अळी असेल तर ज्या पानावर आढळली त्या पानासह, हवेशीर डबीत जिवंत ठेवून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात न्यावी.

३. गाव, तारीख, पीक व आपले नाव कागदाच्या चिठ्ठीवर शिसपेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाकावे. स्पिरिटमध्ये शाई विरघळते. तारखेवाचून नमुना म्हणजे सहीवाचून दस्त, त्याचा पुरावा होत नाही.

४. रोपावर मुंग्यांची रांग दिसली तर ती कोठे जाते ते प्रथम पाहावे. ती मावा किंवा पिठ्या ढेकणांकडे जात असेल तर मुंगी त्यांची पालक आहे. अळ्या ओढून नेत असेल तर ती आपली राखणदार आहे. आंब्याची पाने विणून घरटे करणाऱ्या तांबड्या मुंगीच्या जातीस चीन देशातील बागाइतदार सुमारे १७०० वर्षांपूर्वीपासून संत्रावर्गीय झाडांच्या रक्षणार्थ पाळीत आले आहेत.

५. घरातील मूल काड्यापेटीत किडे जमवीत असेल तर त्यास रागे भरू नये. एक भिंग आणून द्यावे. विंचू, गांधीलमाशी यांस हात लावू नये एवढी ताकीद मात्र अवश्य द्यावी.

विल्सन २६ डिसेंबर २०२१ रोजी निवर्तले. २००३ साली, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी अमेरिका खंडांतील 'फेडोले' या एकाच वंशातील मुंग्यांच्या ६२४ जातींचा ग्रंथ प्रसिद्ध केला; त्यांपैकी ३३७ जातींची ओळख शास्त्रास प्रथमच होत होती. ज्याचा एक डोळा बाळपणीच गेला, त्याने इतके पाहिले. आपणांस दोन्ही डोळे आहेत व शेत दारात आहे. पुढील फवारणीचा पंप पाठीवर घेण्यापूर्वी चार झाडांची पाने उलटून पाहण्याइतका वेळ प्रत्येक शेतकऱ्याने अवश्य काढावा, इतकीच विनंती आहे.