नळी कारागिराच्या हाती देण्याआधी

जुन्या ठासणीच्या बंदुकीचं मोल तिच्या नळीत असतं. दस्ता फुटला तर दुसरा घडवता येतो, घोड्याची कमान तुटली तर नवी बसवता येते. नळीवरचं लोखंड मात्र एकदा घासून काढलं की गेलंच. आमच्या घरी अशा दोन बंदुका होत्या. एक दुरुस्तीच्या नावाखाली कायमची बिघडली, दुसरी एका जाणत्या कारागिरामुळे वाचली. ज्यांच्या वाड्यात, माळ्यावर किंवा देवघराशेजारच्या भिंतीवर अशी बंदूक आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

बिघडली ती तोड्याची, म्हणजे जळत्या वातीने उडवायची बंदूक. माणसाच्या खांद्याला येईल एवढी लांब नळी, मागे काना, म्हणजे आग आत जाण्याचं छिद्र, आणि रंजकाची वाटी, तोंडाशी सोन्याच्या तारेची कोफ्तगरी. आपल्याकडचे कारागीर अशा नळ्या लोखंडाच्या पट्ट्या गजाभोवती वेटोळ्यांनी गुंडाळून, भट्टीत लाल करून, ठोकून एकजीव करत. त्या जोडकामाची नागमोडी नक्षी नळीच्या अंगावर दिसते, तिला जौहर म्हणतात. आजोबा गेल्यावर काकांनी मोठ्या हौसेने ती शहरातल्या एका वर्कशॉपकडे दिली. आजोबांची आठवण दिवाणखान्यात झळकावी एवढीच त्यांची इच्छा. वर्कशॉपवाल्याने नळीला बफ मारला, वर निकेल चढवलं आणि काना पितळेने भरून टाकला.

कोफ्तगरीत सोन्याची तार खोल बसवलेली नसते. लोखंडावर बारीक रेघा मारून खरखरीत पृष्ठभाग करतात आणि त्यावर तार ठोकून चिकटवतात. बफच्या चाकाखाली ती काही क्षणांत उडते. निकेल पुढे उतरवता येतं, जौहरची नक्षीही थोडीफार पुन्हा उठवता येते. पण सोनं, नळीच्या अष्टकोनी भागाच्या तीक्ष्ण कडा आणि मागच्या बाजूची दोन ओळींची कोरीव अक्षरं कशानेही परत येणार नाहीत. ती अक्षरं वाचून घ्यायची राहिली होती. ती बंदूक कोणत्या शतकातली, कुणाच्या शस्त्रागारातली, हे सांगणारा पुरावाच त्या चकाकीसाठी घासला गेला. याचं दुःख मला आजही आहे, आणि म्हणून मी भेटेल त्याला हे सांगत असतो.

दुसरी होती दुनळी, टोपीवर उडणारी, बर्मिंगहॅमची, तिच्याही नळ्या वेटोळ्यांच्याच. ती आम्ही कोल्हापुरातल्या एका परवानाधारक कारागिराकडे नेली. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांनी बंदूक हातात घेतल्यावर चाप ओढून पाहिला नाही की गंज खरवडला नाही. आधी दोन्ही घोडे खाली आहेत याची खात्री केली, मग नळीचं तोंड भिंतीकडे करून गज आत सोडला, तोंडाशी खडूची खूण केली आणि तोच गज नळीच्या बाहेरून लावून पाहिला. उजवीकडे तो जवळजवळ निपलच्या, म्हणजे टोपी बसते त्या बोंडाच्या, मुळापर्यंत पोचत होता. डावीकडे चार बोटं अलीकडेच अडत होता.

"दादा, बार हाय हिच्यात," ते शांतपणे म्हणाले.

घरातली मुलं त्या बंदुकीशी खेळली होती. तिच्यावर दिवाळीला पणती ठेवली गेली होती. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. ती कोरडी राहिली तर पिढ्यान् पिढ्या जिवंत राहते. शिकारीहून परतल्यावर किंवा रात्रीच्या राखणीसाठी भरून ठेवलेली बंदूक तशीच खुंटीवर जायची आणि भरणारा माणूस गेला की ते कुणालाच ठाऊक नसायचं. अशा नळीच्या मागच्या टोकाला गॅसची ज्योत लावणं, जाम झालेलं निपल तापवून काढायला जाणं म्हणजे मृत्यूला बोलावणं आहे. उस्तादांनी निपलच्या बाजूने आणि तोंडातून तेल सोडून दारू पुरती भिजू दिली. मग गजाच्या टोकाला पेच लावून आधी बोळा, मग छर्रे, शेवटी काळा चिखल बाहेर काढला. हे काम घरी करू नका. तुमच्या बंदुकीत बार आहे अशी पुसटशी शंका आली तरी ती हलवण्याआधी कारागिराला घरी बोलवा.

नंतर त्यांनी नळ्या दस्त्यापासून सोडवल्या, दोरीने टांगल्या आणि बोटाच्या पेराने टकटक केली. टण्ण असा लांब नाद आला. दुनळीच्या दोन नळ्या आणि मधली पट्टी कथील-शिशाच्या डाखाने जोडलेल्या असतात. डाख कुठे सुटला असेल तर नाद बसका, फुटका येतो. मग नळीच्या पोटाखालचे शिक्के दाखवले: मुकुटाखाली फुलीसारखे दोन राजदंड आणि भोवती इंग्रजी अक्षरं. हे बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचे शिक्के. हे चाचणीगृह १८१३ च्या कायद्याने उभं राहिलं. जास्तीचा बार भरून नळी तपासली की तिथे शिक्का मारत. शेजारी १२ चा आकडा होता. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक जेवढी भरेल तेवढा नळीचा व्यास, म्हणजे साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास. हे शिक्के नळीच्या जन्मपत्रिकेसारखे आहेत. नळी देण्याआधी त्यांचे आणि सगळ्या कोरीव कामाचे शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, लांबी आणि वजन लिहून ठेवा.

उस्तादांचा मोठेपणा मला कळला तो त्यांनी नाकारलेल्या कामांवरून. मी विचारलं, आतले गंजाचे खड्डे बोअर मारून साफ करता येतील का? त्यांनी नळीच्या भिंतीच्या जाडीचं माप घेऊन दाखवलं. नळी पुढे निमुळती होते, तिथे लोखंड मुळातच पातळ, आणि बोअर मारल्यावर ते आणखी पातळ झालं असतं. तोंडाशी झिजलेला भाग कापून टाकावा, असं आमच्या एका नातेवाइकाने सुचवलं होतं. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ६ प्रमाणे नळी आखूड करायलाही वेगळा परवाना लागतो. कापली की तिचं मूळ माप जातं ते वेगळंच.

गरम ब्लूइंगला तर त्यांनी साफ नकार दिला. त्यात कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या उकळत्या मिश्रणात नळी बुडवतात. आजच्या पोलादाला ते चालतं. पण कॉस्टिक डाख खातं, पट्टीच्या खाली क्षार अडकून बसतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत नळ्या आतून गंजून सुट्या होतात. शिवाय वेटोळ्याच्या नळीची नक्षी एकसारख्या काळ्या रंगाखाली बुडते. बाजारात अशा काळ्याकुळकुळीत दुनळ्या दिसतात आणि लोक त्यांना "नव्यासारखी" म्हणून कौतुकाने पाहतात. मला त्या पाहवत नाहीत.

त्यांनी केलं ते काम संथ होतं. निपलं तेलात मुरवत ठेवून नेमक्या मापाच्या पान्याने काढली. नळ्या उकळत्या पाण्याने आणि साबणाने आतून धुतल्या, कारण काळ्या दारूची राख ओल ओढते आणि ती तेलाने निघत नाही, पाण्यानेच निघते. बाहेरचा सुटा गंज बारीक स्टील वूल आणि तेलाने हलक्या हाताने काढला. मग पातळ आम्लाचा हात फिरवून नळ्या दमट खोलीत ठेवायच्या, कोवळा तांबूस गंज आला की मऊ तारेच्या ब्रशने झाडायचा, पुन्हा हात फिरवायचा. वेटोळ्यांमधलं लोखंड आणि पोलाद वेगवेगळ्या वेगाने गंजतात, म्हणून प्रत्येक फेरीत नक्षी थोडी अधिक वर येते. मनाजोगता तपकिरी रंग आला की गरम पाण्याने आम्ल धुऊन काढायचं आणि तेल द्यायचं. आतले खड्डे तसेच आहेत. ते त्या बंदुकीच्या वयाचे आहेत, त्यांना हात लावायची गरज नव्हती.

ही नळी पुन्हा उडवायची नाही, असंही त्यांनी बजावलं. वेटोळ्यांच्या सांध्यात गंज शिरला असेल तर तो बाहेरून दिसत नाही, आणि आजची बिनधुराची दारू अशा नळीत भरली तर नळी फुटून हात जातो.

कायद्याबद्दल एक गैरसमज सर्वत्र आहे की जुनी बंदूक म्हणजे परवान्याची गरज नाही. त्याच शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ मधली सूट आहे ती जुन्या धाटणीच्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या, पण दुरुस्ती करून किंवा न करताही बंदूक म्हणून वापरता येणार नाहीत अशा शस्त्रांना. आमची दुनळी दुरुस्त होऊ शकत होती, म्हणजे ती बंदूकच. आजोबांनंतर वारसाच्या नावे परवाना झाला, मगच ती उस्तादांकडे गेली. बंदुकीची दुरुस्ती करणाऱ्यालाही परवाना लागतो. तो पाहून घ्या आणि बंदूक सोपवताना पावती घ्या. परदेशात पाठवायचा विचार असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदा आडवा येतो. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. आणि तुमच्या नळीवर कोफ्तगरी किंवा अक्षरं असतील तर बंदूकवाल्याच्याही आधी संग्रहालयाच्या संवर्धकाचा सल्ला घ्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या संवर्धनाचं केंद्र आहे.

काम ठरवताना काय करायचं याबरोबर काय करायचं नाही तेही कागदावर लिहून घ्या: बफ नाही, निकेल नाही, गरम ब्लूइंग नाही, बोअर नाही, शिक्क्यांवर पॉलिशपेपर नाही. बदललेला प्रत्येक जुना स्क्रू आणि निपल परत मागा. "दोन दिवसांत चकाचक करून देतो" म्हणणाऱ्याच्या दुकानातून बंदूक उचलून परत या.

दसऱ्याच्या शस्त्रपूजेला नळी पॉलिशपेपरने घासू नका, पोरांनाही घासू देऊ नका. ओलं हळदकुंकू आणि फुलं दस्त्यावर वाहा, आणि त्याच संध्याकाळी कोरड्या कापडाने सगळं पुसून नळीवर तेलाचा हात फिरवा.