पचिशीचा पट आणि लूडो

फत्तेपूर सिक्री येथे दिवाण-ए-खासनजीकच्या प्रांगणात फरसबंदीवर फुलीच्या आकाराचा एक मोठा पट आखलेला आहे. अकबर बादशहा तेथे दासींना सोंगट्यांच्या जागी उभे करून खेळत असे, अशी आख्यायिका आहे. ती बाजूला ठेवली तरी या खेळाला दरबारात मान होता, हे अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त केलेल्या चौपडीच्या वर्णनावरून दिसते. लांबट फाशांनी खेळली जाते ती चौपड व कवड्यांनी खेळली जाते ती पचिशी. पट मात्र दोहोंचा सारखाच असतो.

हा पट बहुधा कापडाचा असतो. त्याला चार भुजा असून प्रत्येक भुजेत आठ घरांच्या तीन ओळी, म्हणजे एकूण ९६ घरे असतात. त्यांपैकी १२ घरांवर फुल्या काढलेल्या असतात. त्या घरांतील सोंगटी प्रतिपक्षाला मारता येत नाही. प्रत्येक खेळाडूपाशी चार सोंगट्या असतात. नियमांत प्रांतोप्रांती भेद आढळतात. सहा कवड्यांच्या एका प्रचलित पद्धतीत दोनपासून सहापर्यंत जितक्या कवड्या उताण्या पडतील तितके दान धरतात. एकच उताणी पडल्यास दहा व सर्व पालथ्या पडल्यास पंचवीस. या पंचविसावरूनच खेळाला हे नाव मिळाले.

प्रत्येक कवडी उताणी किंवा पालथी पडण्याचा संभव समान मानला, तर ६४ शक्यतांपैकी ५० मध्ये दोन, तीन किंवा चार हेच दान येते. पंचवीस केवळ एकदा. कवडीच्या आकारामुळे हे प्रमाण प्रत्यक्षात थोडे बदलते. तरीही मुरलेला खेळाडू त्यावरून आपला अंदाज बांधतो. प्रतिपक्षाच्या सोंगटीपुढे तिसऱ्या घरात थांबणे धोक्याचे. परंतु अगदी लगतच्या घरात थांबणे निर्धास्त, कारण या पद्धतीत एक हे दानच नाही.

याहून महत्त्वाचा नियम भिडूचा होय. समोरासमोर बसलेले दोघे एका पक्षाचे असतात. पिवळ्या व काळ्या सोंगट्या एकीकडे, तांबड्या व हिरव्या दुसरीकडे. दोघांच्या आठही सोंगट्या मध्यघरात पोहोचल्याखेरीज डाव जिंकला असे होत नाही. त्यामुळे एकट्याने पुढे धावण्यात अर्थ नसतो. आलेले दान न खेळण्याची मुभा असते. इतकेच नव्हे, तर घराच्या दाराशी आलेली सोंगटी आत न नेता भिडूच्या साहाय्यासाठी पुन्हा फेरीस पाठविता येते.

एकोणिसाव्या शतकात हा खेळ पाश्चात्त्य देशांत पोहोचला. अमेरिकेत १८७४ मध्ये ‘पार्चिसी’ या नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंद झाली. शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये ‘लूडो’ आला. जर्मनीत १९१४ मध्ये याच कुळातील एक खेळ मोठ्या प्रमाणावर विक्रीस आला; त्याच्या नावाचा अर्थ ‘माणसा, चिडू नकोस’ असा आहे.

लूडोत पटाची घरे ७२ वर आली आणि कवड्यांची जागा एका फाशाने घेतली. फाशावरील एक ते सहा ही सर्व दाने सारख्याच संभवाची असल्यामुळे कोठे थांबावे या हिशेबाचे महत्त्व पुष्कळ कमी झाले. शिवाय सामान्य नियमाप्रमाणे प्रत्येकजण स्वतःपुरता खेळू लागला व आलेले दान चालणे भाग पडले. खेळ सोपा झाला, लहान मुलांनाही तो चटकन समजू लागला, हा लाभ खराच. परंतु निर्णयाचा बराच भाग नशिबाकडे गेला. नशीब फिरल्यावर न चिडणे एवढेच खेळाडूच्या हाती उरावे, हे त्या जर्मन नावाने अजाणता सांगून टाकले आहे.

हा फरक पडताळण्यास जुना पट हवाच असे नाही. लूडोच्या पटावरच समोरासमोरच्या दोघांना भिडू करावे, फाशाऐवजी सहा कवड्या घ्याव्यात व दान सोडण्याची मुभा ठेवावी. आपली सोंगटी घरात न्यावी की भिडूसाठी मागे ठेवावी, हा प्रश्न पहिल्याच डावात पुढे उभा राहील. पचिशीचे मर्म त्या प्रश्नात आहे.