आधी घरात बोला, मग नाव नोंदवा



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक २० ते २२

या तीन श्लोकांत भगवंत दानाचे तीन प्रकार सांगतात. द्यायला हवं एवढ्याच भावनेनं, जो आपल्याला परत काही देऊ शकणार नाही अशाला, योग्य जागी, योग्य वेळी, योग्य पात्राला दिलेलं ते सात्त्विक दान. काहीतरी मिळावं म्हणून किंवा मनात कुरकुरत दिलेलं ते राजस. आणि भलत्या जागी, भलत्या वेळी, समोरच्याचा मान न ठेवता दिलेलं ते तामस.

पूर्वी हे श्लोक वाचले की मला देणगीची पावती आठवायची. आता एक फोन आठवतो.

पुण्यात नोकरीला असताना आमच्या ऑफिसात बोन मॅरो दात्यांच्या नोंदणीचा कॅम्प होता. मी फॉर्म भरला, गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून दिली, फोटो काढला आणि स्टेटसला टाकला. दोन वर्षांनी दिवाळीत जळगावला घरी असताना फोन आला : "सर, तुमचं एका पेशंटशी जुळतंय. पुढच्या तपासणीसाठी रक्त द्याल का?" मी घरात विचारलं. आई घाबरलीच. "कोन कुठला मानूस, अन् तुले काही झालं म्हंजे?" दुसऱ्या दिवशी मी नाही म्हणून कळवलं. पलीकडच्या ताई रागावल्या नाहीत. "ठीक आहे सर," एवढंच म्हणाल्या. तो पेशंट कोण होता, त्याचं पुढे काय झालं, मला आजपर्यंत माहीत नाही.

यात आईचा दोष नाही. दोन वर्षांत मी तिला काहीच सांगितलं नव्हतं, कारण मलाच काही माहीत नव्हतं. नंतर वाचलं, विचारलं, ते इथे लिहितो.

बोन मॅरो म्हणजे हाडांच्या आतला मऊ भाग. रक्त तिथेच तयार होतं. ब्लड कॅन्सर, थॅलेसेमिया, सिकलसेल अशा आजारांत काही पेशंटना दुसऱ्याच्या निरोगी मूळ पेशी दिल्या तर तो बरा होऊ शकतो. भारतात हे पहिल्यांदा १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये झालं. अडचण जुळण्याची आहे. इथे रक्तगट नाही, एचएलए नावाचे घटक जुळावे लागतात. ते अर्धे आईकडून, अर्धे वडिलांकडून येतात, म्हणून सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यताही चारात एक. ते जमलं नाही तर अनोळखी माणसांत शोध सुरू होतो.

हे घटक वंशाप्रमाणे बदलतात. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा समाजात सिकलसेल आहे, सिंधी कुटुंबांत थॅलेसेमिया जास्त दिसतो. चोपड्याच्या किंवा शिरपूरच्या एखाद्या पावरा मुलाला लागणारा दाता जर्मनीपेक्षा त्याच्याच पट्ट्यात सापडण्याची शक्यता जास्त. पण त्या पट्ट्यातल्या लोकांनी नावंच नोंदवली नसतील तर शोधायचं कुठे? "पात्र" या शब्दाचा अर्थ मला इथे नव्यानं कळला. इथे पात्र आपण निवडत नाही, ते आधीच ठरलेलं असतं. आपण फक्त सापडायचं असतं.

आता आईच्या भीतीबद्दल. पाठीच्या कण्याला कोणी हात लावत नाही. बहुतेक वेळा चार-पाच दिवस कातडीखाली इंजेक्शन देतात, त्यानं अंग आणि डोकं दुखू शकतं. मग प्लेटलेट देताना असतं तसं मशीन लावून काही तासांत रक्तातून पेशी वेगळ्या करतात, बाकीचं रक्त परत शरीरात जातं. कधी कधी भूल देऊन कमरेच्या हाडातून मॅरो काढतात. दिलेल्या पेशी काही आठवड्यांत भरून निघतात. दात्याला खर्च नाही आणि मोबदलाही नाही.

आणि "योग्य वेळी" हा शब्द तर फारच जड आहे. नव्या पेशी देण्याआधी पेशंटचा स्वतःचा मॅरो औषधांनी संपवतात. त्यानंतर दात्यानं माघार घेतली तर पेशंट मरू शकतो. त्याआधी नाही म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे, पण शोधात गेलेले दिवस त्या माणसाला परत मिळत नाहीत. मी डेटाबेसवर काम करतो. रेकॉर्ड सापडलं आणि माणूस नाही सापडला, तर ती नोंद नसलेली परवडली. निदान कोणी आशेवर तरी राहत नाही.

लंडनमध्ये शर्ली नोलन या आईनं १९७४ मध्ये आपल्या लहानग्या अँथनीसाठी अनोळखी दात्यांची नोंदणी सुरू केली. अँथनीला दाता मिळाला नाही. १९७९ मध्ये तो गेला. नोंदणी मात्र चालू राहिली, आणि आज जगभरात अशा नोंदण्यांत चार कोटींहून जास्त नावं आहेत. परतफेडीची आशा नसलेलं दान याहून वेगळं काय असतं?

माझं दान मात्र राजससुद्धा नव्हतं. लाईक घेतले आणि दिलं काहीच नाही.

पुढच्या सुट्टीत आईला सगळं नीट समजावलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्याच्या मायलेबी असंच वाटत असीन." नोंदणीवाल्यांना मी कळवलं की माझं नाव राहू द्या, आता बोलावलंत तर येईन. अजून फोन आलेला नाही.

आजचा संकल्प : तुम्ही अठरा वर्षांचे झाला असाल, तब्येत चांगली असेल, तर आज जेवताना घरात हा विषय काढा. आई-वडील, नवरा-बायको, सगळ्यांच्या शंका ऐका. मन पक्कं झालं तरच दात्री किंवा डीकेएमएससारख्या संस्थेकडे नाव द्या. पन्नाशीच्या आसपास वयाची मर्यादा असते, त्यामुळे फार लांबवूही नका.

प्रार्थना : देवा, दिलेला शब्द पाळायची बुद्धी दे. ज्याला मी नाही म्हटलं, त्याला दुसरं कोणीतरी भेटलेलं असू दे.

राम कृष्ण हरी.